फॅक्सची ‘ओके’ पावती कोणाला वाचवते?

२०२१ साली जपानचे प्रशासकीय सुधारणा मंत्री तारो कोनो यांनी सरकारी कचेऱ्यांमधून फॅक्स हद्दपार करायचं मनावर घेतलं. त्याआधी त्यांनी कागदोपत्री शिक्के उठवण्याच्या जुन्या प्रथेला हात घातला होता आणि त्यात त्यांना बऱ्यापैकी यशही आलं होतं. फॅक्स मात्र त्यांना पुरून उरला. जूनअखेरपर्यंत शक्य तिथे फॅक्स बंद करा असं फर्मान निघालं, मंत्रालयांकडून शेकडो हरकती आल्या आणि सरकारने पाऊल मागे घेतलं. हरकतींमागचं एक मोठं कारण वाचून कित्येक संगणकतज्ज्ञांनी कपाळाला हात लावला असेल. खात्यांचं म्हणणं असं, की गोपनीय माहिती ईमेलवर टाकणं धोक्याचं आहे. न्यायालयं आणि पोलीस यांच्याशी होणारा व्यवहार फॅक्सवरच बरा.

ही गोष्ट हसून सोडून देण्यासारखी नाही. जर्मनीत बिटकॉम या उद्योगसंघटनेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांपैकी ८२ टक्के कंपन्या फॅक्स वापरत असल्याचं दिसलं. अमेरिकेतले दवाखाने, प्रयोगशाळा, औषधदुकानं आणि विमा कंपन्या यांच्यातला कितीतरी कागद आजही फॅक्सनेच फिरतो. इतकी माणसं एकाच वेळी अडाणी असू शकत नाहीत. त्यांना फॅक्समधून काहीतरी मिळतंय, म्हणून तो टिकलाय. प्रश्न एवढाच आहे, की ते ‘काहीतरी’ म्हणजे माहितीची सुरक्षा आहे का? माझ्या मते नाही. फॅक्स पाठवणाऱ्याला सुरक्षित ठेवतो. ज्याची माहिती त्या कागदावर असते तो माणूस या हिशेबात कुठेच नसतो.

हा विश्वास येतो कुठून, ते मशीन जवळून पाहिलं की कळतं. आपण ओळखतो त्या फॅक्सचं तंत्र १९८० साली ठरलं. त्याआधीच्या मशिनला एक पान पाठवायला सहा मिनिटं लागायची, पुढच्या पिढीत तीन. ‘ग्रुप ३’ या मानकाने ते काम मिनिटाच्या आत आणलं आणि कुठल्याही कंपनीचं मशीन दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या मशिनशी बोलू लागलं. पाठवणारं मशीन नंबर फिरवतं आणि थांबून थांबून एक पीप करत राहतं. पलीकडचं मशीन फोन उचलून चढा, लांब सूर लावतं. मग दोघांची बोलणी होतात: मला इतक्या वेगाने घेता येतं, इतकी बारीक रेघ छापता येते, ठीक आहे, या वेगाने जाऊ. चाचणीचा एक तुकडा जातो. लाइन खरखरत असेल तर वेग उतरवून पुन्हा चाचणी. मग पान जातं. पान संपलं की पाठवणारं मशीन विचारतं, हे शेवटचं, मिळालं का? ‘मिळालं’ असा संकेत परत आला की फोन ठेवला जातो आणि मशिनमधून एक चिठ्ठी बाहेर येते: तारीख, वेळ, नंबर, पानांची संख्या आणि शेवटी ‘ओके’.

कचेरीत काम केलेल्या कोणालाही या चिठ्ठीची किंमत सांगावी लागत नाही. ती मूळ पत्राला पिना मारून जोडली जाते आणि फाइल बंद होते. उद्या कोणी म्हणालं, ‘तुमचं पत्र आम्हाला मिळालंच नाही’, तर कपाटातून ती चिठ्ठी निघते. ईमेलकडे असं काही नाही. ईमेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवला जातो, वाटेत कुठल्या गाळणीत अडकला, स्पॅममध्ये जाऊन पडला की काय झालं, याचा पाठवणाऱ्याला पत्ता नसतो. वाचल्याची पोच द्यायची की नाही हे समोरच्याच्या मर्जीवर असतं. वेळेच्या मर्यादेत कागद पोचवण्यावर ज्यांचं पोट चालतं, वकील, विमावाले, निविदा भरणारे, त्यांना ‘गेला असावा’ हे उत्तर चालत नाही.

त्यात भर सहीची. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीने तारेतून चित्र पाठवायच्या यंत्राचं पेटंट १८४३ मध्ये घेतलं, म्हणजे टेलिफोनच्या पेटंटच्या तेहतीस वर्षं आधी. १८६५ मध्ये जोव्हानी कासेल्लीचं यंत्र पॅरिस आणि लियाँ यांच्या दरम्यान व्यापारी तत्त्वावर चालू झालं, तेव्हा त्याचा एक महत्त्वाचा उपयोग बँकव्यवहारातल्या सह्या पडताळण्यासाठी होत होता. अक्षरं तारायंत्रानेही जात होती, सहीचं वळण जात नव्हतं. दीडशे वर्षांनंतरही कित्येक संस्थांना कागदावरची शाईची सही हवी असते आणि ती लांबून पाठवायचा सगळ्यांना ठाऊक असलेला मार्ग फॅक्स हाच राहिला.

आता सुरक्षेचा मुद्दा. फॅक्सच्या बाजूने एक गोष्ट खरोखर बोलण्यासारखी आहे आणि फॅक्सची टिंगल करणारे ती सोयीस्करपणे गाळतात. जुन्या पद्धतीचा, फोनच्या तारेवर चालणारा फॅक्स घाऊक प्रमाणात चोरता येत नाही. तो ऐकायचा तर कोणाला तरी त्या विशिष्ट लाइनपर्यंत जावं लागतं, तिला टॅप करावं लागतं, फॅक्स जायची वाट बघावी लागते. एवढ्या खटाटोपातून हाती येणार काय, तर काही पानं. याउलट फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेतल्या चेंज हेल्थकेअर या, दवाखान्यांच्या बिलांचे व्यवहार हाताळणाऱ्या कंपनीत काय झालं ते पाहा. चोरलेला एक लॉगिन आणि पासवर्डखेरीज दुसरी कसलीही पडताळणी न मागणारं एक पोर्टल, एवढ्यावर हल्लेखोर आत शिरले. कंपनीने २.२ कोटी डॉलरची खंडणी भरली. तरीही सुमारे १९ कोटी लोकांची माहिती बाहेर गेली आणि देशभरातले दवाखाने आणि औषधदुकानं यांची बिलं आठवडेच्या आठवडे अडकून पडली. १९ कोटी लोकांचे कागद फॅक्सच्या तारेतून एकेक करून चोरायला किती जन्म लागतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ईमेलचं तर विचारूच नका. साहेबाच्या नावाने ‘या खात्यात तातडीने पैसे भरा’ असा मेल पाठवून कंपन्यांना लुबाडण्याचा जो धंदा चालतो, त्यात एफबीआयकडे आलेल्या तक्रारींनुसार २०२३ या एकाच वर्षात २९० कोटी डॉलर गेले. त्यामुळे एखादा हिशेबनीस म्हणाला, की खातेक्रमांकाचे बदल मी ईमेलवर मान्य करत नाही, फॅक्स पाठवा, तर त्याला मागासलेला म्हणण्याआधी मी दोनदा विचार करीन. अर्थात फॅक्सच्या माथ्यावर छापून येणारा पाठवणाऱ्याचा नंबर मशिनमध्ये हवा तो भरता येतो, हे त्याला कोणीतरी सांगायला हवं.

पण फॅक्समधली माहिती चोरांनी पळवली नाही म्हणून ती सुरक्षित राहिली असं होत नाही. ती चोराविनाच बाहेर पडते. ब्रिटनच्या माहिती आयुक्तांना मोठा दंड करण्याचा अधिकार मिळाल्यावर नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी पहिले दोन दंड केले. त्यातला एक, १ लाख पौंडांचा, हर्टफर्डशायरच्या काउंटी कौन्सिलला झाला आणि तो फॅक्ससाठी होता. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या एका खटल्यातली कागदपत्रं वकिलांच्या कचेरीत जायची ती चुकीच्या नंबरामुळे एका सामान्य नागरिकाच्या मशिनवर गेली. कौन्सिलने धावपळ करून ती माहिती उघड करू नये असा न्यायालयाचा हुकूम मिळवला. त्यानंतर तेरा दिवसांनी त्याच विभागातून तीन मुलांच्या ताब्यासंबंधीचे कागद भलत्याच वकिलांकडे फॅक्स झाले.

बँक ऑफ स्कॉटलंडचं प्रकरण त्याहून बोलकं आहे. २०१३ मध्ये या बँकेला ७५ हजार पौंडांचा दंड झाला. ग्राहकांच्या पगारपावत्या, खात्यांचे उतारे, गृहकर्जाचे अर्ज असे कागद बँकेच्याच एका विभागाला पाठवायचे होते. त्या विभागाच्या नंबरात आणि बाहेरच्या एका नंबरात एका आकड्याचा फरक होता. वेगवेगळ्या शाखांमधली माणसं तो एक आकडा चुकवत राहिली, एकदोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं. तक्रारी झाल्या, चौकशी चालू झाली, तरी फॅक्स जातच राहिले. कॅनडातल्या सीआयबीसी या बँकेचे फॅक्स तर २००१ ते २००४ या काळात सीमेपलीकडे, अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या एका भंगारवाल्याकडे जात होते. ग्राहकांची नावं, पत्ते, खातेक्रमांक असं सगळं त्या भंगाराच्या आवारात येऊन पडत होतं. त्याने कळवूनही ते थांबले नाहीत.

या तिन्ही ठिकाणी पाठवणाऱ्याच्या हातात ‘ओके’ची चिठ्ठी होतीच. मशीन खोटं बोललं नव्हतं. पान खरोखर पोचलं होतं. कोणाकडे पोचलं हे पाहणं मशिनचं कामच नव्हतं. संकेत येतो तो मशिनकडून मशिनला. पलीकडे कागद ट्रेमध्ये पडून राहिला, चहा घेऊन येणाऱ्याने वाचला, दुसऱ्याच कोणाच्या कागदांत गुंतून गेला, यातलं काही त्या चिठ्ठीत उमटत नाही. आणि फॅक्सच्या पहिल्या पानावर असते ती सूचना, ‘हा मजकूर गोपनीय आहे, चुकून आपल्याकडे आल्यास कृपया नष्ट करावा’, ती तर माझ्या मते कार्यालयीन वाङ्मयातली सर्वांत विनोदी कलाकृती आहे. गोपनीय पानं हातात पडलेल्या माणसाला, ती पानं गोपनीय आहेत हे आवर्जून सांगितलं जातं. ही सूचना माहितीचं रक्षण करत नाही हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. चौकशी झाली तर ‘आम्ही सूचना दिली होती’ असं म्हणता यावं, एवढ्यासाठी ती छापायची.

बरं, घाऊक चोरी होत नाही हा जो खरा गुण आपण मान्य केला, तो तरी आज शिल्लक आहे का? तो गुण फोनच्या तांब्याच्या तारेचा होता. दोन मशिनमध्ये काही मिनिटांसाठी एक थेट मार्ग बांधला जायचा आणि काम झालं की मोडला जायचा. आज बहुतेक देशांत फोनचे कॉल इंटरनेटच्याच पद्धतीने, तुकडे करून पाठवले जातात. आवाजासाठी केलेली ही व्यवस्था फॅक्सच्या सुरांना मानवत नाही, म्हणून १९९८ मध्ये टी.३८ नावाचं वेगळं मानक काढावं लागलं. म्हणजे ‘आम्ही इंटरनेटवर विश्वास ठेवत नाही’ म्हणून पाठवलेला फॅक्स बऱ्याचदा इंटरनेटच्याच मार्गाने जातो, आणि सर्वसाधारण फॅक्सला एन्क्रिप्शन, म्हणजे मजकूर वाटेत कोणाला वाचता येऊ नये म्हणून केलेलं सांकेतिक कुलूप, नसल्यामुळे उघडाच जातो. निदान मेलचे सर्व्हर आपसातलं बोलणं आता बहुतांशी बंद पाकिटातून करतात.

दुसरा बदल मशिनमध्ये झाला. मोठ्या संस्थांत फॅक्सचं वेगळं मशीन आता फारसं दिसत नाही. फॅक्स येतो तो एखाद्या क्लाउड सेवेकडे, तिथे त्याची पीडीएफ होते आणि ती ईमेलने कर्मचाऱ्याच्या खात्यात जाऊन पडते. ईमेल नको म्हणून फॅक्स, आणि तो पोचतो ईमेलने! वाटेत एक तिसरी कंपनी आली, तिच्या सर्व्हरवर प्रत राहिली, आणि एका पासवर्डमागे हजारो फॅक्स साठू लागले. ज्या साठ्याला भिऊन आपण फॅक्सकडे वळलो होतो तोच साठा दुसऱ्या दाराने घरात आला. पाठवणाऱ्याला याची कल्पनाही नसते. त्याला दिसतो फक्त नंबर.

छोट्या कचेऱ्यांत प्रिंटर, स्कॅनर, कॉपियर आणि फॅक्स एकाच डब्यात असतात. त्या डब्याचं एक टोक फोनच्या लाइनला आणि दुसरं कचेरीच्या नेटवर्कला जोडलेलं असतं. ऑगस्ट २०१८ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी लास व्हेगासच्या डेफकॉन परिषदेत दाखवून दिलं, की एचपीच्या अशा एका मशिनचा फॅक्स नंबर ठाऊक असला की पुरे. मुद्दाम बिघडवलेलं एक रंगीत चित्र फॅक्स करून त्यांनी मशीन ताब्यात घेतलं आणि तिथून नेटवर्कवरच्या संगणकापर्यंत मजल मारली. फायरवॉल इंटरनेटच्या दारावर पहारा देत होती. फोनच्या लाइनकडे दार म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं. एचपीने ते भोक बुजवलं, पण फॅक्स मशिनला अपडेट देतो कोण? कचेरीतली ती एकच वस्तू अशी असते, जी कागद संपेपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

अशा मशिनच्या पोटात हार्ड डिस्क असू शकते हेही असंच लक्षात येत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅफिनिटी हेल्थ प्लॅन या विमा संस्थेने भाड्याने घेतलेले कॉपियर डिस्क न पुसता परत केले. त्यांत सुमारे ३ लाख ४४ हजार लोकांची आरोग्यविषयक माहिती असू शकते असं निघालं आणि २०१३ मध्ये संस्थेला १२ लाख डॉलरहून अधिक रक्कम भरावी लागली. डिस्क राहू द्या, साध्या कागदावर छापणाऱ्या जुन्या फॅक्समध्ये शाईच्या फिल्मचा जो रोल असायचा, तो संपल्यावर उजेडात धरला की आलेलं प्रत्येक पान त्यावर ओळीने वाचता येतं, काळ्यावर पांढरं. कागद फाडून टाकायचं मशीन ठेवणाऱ्या कचेऱ्या तो रोल अख्खाच्या अख्खा कचऱ्यात टाकत.

सुरक्षा म्हणजे केवळ गुप्तता नव्हे, माहिती जशीच्या तशी पोचणं हाही तिचा भाग आहे. आज फॅक्सने जाणारा बहुतेक मजकूर मुळात संगणकावरच जन्मतो. तो छापला जातो, मशिनमधून जातो, पलीकडे पुसट उतरतो आणि तिथला कोणीतरी तो पुन्हा संगणकात टाइप करतो. साध्या फॅक्सला उभ्या दिशेने इंचात शंभरेक ओळींपलीकडे काही दिसत नाही. तीन आणि आठ, पाच आणि सहा यांच्यातला फरक तिथे डोळ्यांवर आणि नशिबावर असतो. रक्ताच्या तपासणीत किंवा औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह पुसलं गेलं तर काय होईल ते सांगायला नको. कोविडच्या काळात, जुलै २०२० मध्ये, ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीच्या आरोग्य खात्यातलं फॅक्स मशीन एकदम शेकडो पानं जमिनीवर ओकत सुटलं होतं. ते तपासणीचे निकाल होते. जपाननेही साथीच्या सुरुवातीला रुग्णांची नोंद हाताने लिहिलेल्या, फॅक्स केलेल्या अर्जांवरच केली.

इतकं सगळं ठाऊक असून फॅक्स का सुटत नाही? कारण नियमांनी त्याला एक जागा देऊन ठेवली आहे. अमेरिकेत आरोग्यविषयक माहितीच्या गोपनीयतेचा १९९६ चा कायदा आहे, ‘हिपा’. त्याखालच्या नियमांत इलेक्ट्रॉनिक माहितीसाठी बराच कडक बंदोबस्त सांगितला आहे. मात्र पाठवण्याच्या अगदी आधी जी माहिती इलेक्ट्रॉनिक रूपात नव्हती, ती कागदावरून फॅक्स केली तर ते ‘इलेक्ट्रॉनिक’ पाठवणं धरलं जात नाही. गोपनीयतेचा सर्वसाधारण नियम तिथेही लागू असतो: नंबर तपासा, मशीन सुरक्षित जागी ठेवा, वाजवी काळजी घ्या. पण ‘वाजवी काळजी’ घेतल्याचं दाखवणं आणि एन्क्रिप्शनपासून कोणी काय उघडलं याच्या नोंदींपर्यंत सगळी यंत्रणा उभारणं यांतलं सोपं काय, हे दवाखान्याच्या व्यवस्थापकाला सांगायला वकील लागत नाही. तोच कागद ईमेलने चुकीच्या माणसाकडे गेला तर ‘सुरक्षायंत्रणेतली त्रुटी’ ठरतो. फॅक्सने गेला तर ‘नंबर दाबताना झालेली चूक’. चूक कारकुनाची, यंत्रणा निर्दोष. या फरकावर फॅक्स उभा आहे. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हींत तसूभरही फरक नाही.

जर्मनीत हा प्रश्न निदान कोणीतरी मोठ्याने विचारला. ब्रेमेन राज्याच्या माहिती संरक्षण आयुक्तांनी २०२१ मध्ये स्पष्ट केलं, की फॅक्सची सुरक्षा एन्क्रिप्शन नसलेल्या ईमेलइतकीच, म्हणजे उघड्या पोस्टकार्डाइतकीच आहे आणि संवेदनशील वैयक्तिक माहिती त्यावरून पाठवू नये. त्याच्या आदल्या वर्षी ल्यूनेबर्गच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने स्फोटकांचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाच्या बाजूने निकाल दिला होता. आपली माहिती अशी उघडी पाठवू नका असं त्याने सांगूनही सरकारी कार्यालयाने ती साध्या फॅक्सने पाठवली, आणि ते बेकायदा ठरलं. त्याचा पत्ता चुकीच्या हातात पडला तर काय होऊ शकतं हे वेगळं समजावावं लागलं नाही. बाकीच्यांच्या बाबतीत ते समजावावं लागतं, हीच अडचण आहे.

मग बंदी घाला, असं म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि बंदीचे प्रयोग झालेही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१८ मध्ये सुमारे ९ हजार फॅक्स मशीन असल्याचं शल्यचिकित्सकांच्या रॉयल कॉलेजने दाखवून दिल्यावर आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी नवीन खरेदी थांबवली आणि ३१ मार्च २०२० पर्यंत मशीन हटवायला सांगितली. अमेरिकेत सरकारी आरोग्यविमा योजना चालवणाऱ्या खात्याच्या प्रमुख सीमा वर्मा २०१८ मध्येच म्हणाल्या, की २०२० पर्यंत डॉक्टरांची कार्यालयं फॅक्समुक्त व्हावीत. ते वर्ष आलं आणि हॅरिस काउंटीच्या जमिनीवर पानं सांडली. नुसत्या तारखा जाहीर करून फॅक्स जात नाही, कारण त्याच्या जागी जे यायला हवं ते बहुतेक ठिकाणी आलेलंच नसतं.

अमेरिकेने २००९ च्या कायद्यानंतर दवाखान्यांना संगणकीय नोंदी ठेवण्यासाठी ३,००० कोटी डॉलरहून अधिक अनुदान दिलं. नोंदी आल्या. पण एका कंपनीची प्रणाली दुसरीशी बोलेना, आणि ती बोलावी यात त्या कंपन्यांचा फारसा फायदाही नव्हता. परिणामी कोट्यवधींच्या दोन प्रणालींच्या मध्ये पूल म्हणून उभा राहिला तो फॅक्सच. जर्मनीने २०११ मध्ये कायदा करून ‘डे-मेल’ नावाचा सरकारमान्य सुरक्षित ईमेल आणला. त्यासाठी वेगळी नोंदणी, वेगळा पत्ता. समोरच्याकडेही तोच असला तरच उपयोग. शिवाय मजकूर वाटेत सेवादात्याकडे क्षणभर उघडला जायचा, म्हणून जाणकारांचाही त्यावर भरवसा बसला नाही. २०२२ मध्ये डॉइच टेलिकॉमने आपली डे-मेल सेवा गुंडाळली. फॅक्सला नोंदणी लागत नाही, समोरचा कोणत्या कंपनीचा ग्राहक आहे हे विचारावं लागत नाही. नंबर ठाऊक आहे ना, मग झालं. सुरक्षित पोर्टलांची आज जी रेलचेल आहे, प्रत्येक बँकेचं वेगळं, प्रत्येक विमा कंपनीचं वेगळं, तिथे दहा पासवर्ड सांभाळणारा कारकून ते पासवर्ड कागदावर लिहून पडद्याला चिकटवतो. त्याला मी दोष देणार नाही.

फॅक्स खरोखर सुटल्याचं एक उदाहरण मात्र त्याच जर्मनीत आहे. १ जानेवारी २०२२ पासून वकिलांनी न्यायालयात कागदपत्रं इलेक्ट्रॉनिक मार्गानेच दाखल करायची असा नियम झाला. प्रत्येक वकिलाला त्यासाठी एक खास टपालपेटी दिलेली आहे. तिची सुरुवात काही झोकात झाली नव्हती. डिसेंबर २०१७ मध्ये तिच्यात सुरक्षेची गंभीर चूक सापडली आणि ती आठ महिन्यांहून अधिक काळ बंद ठेवावी लागली. तरी ती रुजली. का, तर तिथे कागद दाखल झाला की न्यायालयाकडून आपोआप पोच मिळते आणि त्या पोचेला कायद्याने अर्थ दिलेला आहे. मुदत पाळली की नाही, याचा पुरावा तीच. वकिलांना तंत्रज्ञानाचं प्रेम आलं म्हणून त्यांनी फॅक्स सोडला नाही. ‘ओके’च्या चिठ्ठीपेक्षा पक्की चिठ्ठी मिळाली आणि जुनी चिठ्ठी चालेनाशी झाली, म्हणून सोडला. तांत्रिक बिघाड झाला तर जुन्या मार्गाने देण्याची सवलत ठेवली आहे, आणि ती ठेवलीच पाहिजे. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणीसाठी संगणक ठप्प करणाऱ्या हल्ल्याने, सगळं बंद पडल्यावर रुग्णालयं कागदाकडेच धावतात हे आयर्लंडच्या आरोग्यसेवेने २०२१ मध्ये अनुभवलं आहे. संकटकाळासाठी एक मशीन कोपऱ्यात असायला माझी हरकत नाही, फक्त त्याचं दुसरं टोक नेटवर्कला जोडलेलं नसावं.

म्हणून नियम करणाऱ्यांकडे मागणी करायचीच तर ती मशीन फेकून द्या अशी नसावी. फॅक्सला कायद्यात मिळणारी वेगळी वागणूक आधी काढा. माहिती कोणत्या मार्गाने गेली यावर जबाबदारी कमीजास्त होता कामा नये. चुकीच्या हातात गेली की गेली, तार कुठलीही असो. त्याच वेळी प्रणाली विकणाऱ्या कंपन्यांवर सक्ती हवी, की कोणाच्याही ग्राहकाला कोणाच्याही ग्राहकाकडे बंद पाकीट पाठवता आलं पाहिजे आणि त्याची पोच कोर्टात चालली पाहिजे. १९८० मध्ये मशीन बनवणाऱ्यांना हे जमलं होतं. आजच्या कंपन्यांना ते तंत्रामुळे जमत नाही असं नाही, धंद्यामुळे जमत नाही.

आणि तोवर ज्या संस्था ‘सुरक्षिततेसाठी आम्ही फॅक्सच वापरतो’ असं सांगतात, त्यांना ग्राहकांनी आणि रुग्णांनी काही साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. तुमचा नंबर खरंच मशिनला लागतो की क्लाउडला? क्लाउडला लागत असेल तर पीडीएफ किती दिवस राहते आणि ती कोणकोण उघडू शकतं? मशीन असेल तर ते कुठल्या खोलीत आहे, रात्री आलेलं पान सकाळपर्यंत कोणाच्या नजरेसमोर पडून असतं? साठवलेल्या नंबरांची यादी शेवटची कधी तपासली? मशीन मोडीत काढलं तेव्हा डिस्क कोणी पुसली? यातल्या पहिल्याच प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘विचारून सांगतो’ असं उत्तर येईल.